नाटकाचा मुक्काम

मंडळी, आज नाटकाविषयी बोलायचं आहे. नाटक कसं लिहावं, कसं बसवावं हे सांगणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. तो माझा विषय नाही. नाटक एका गावची राहुटी उठवून दुसऱ्या गावी मुक्कामाला जातं, तेव्हा त्या दोन गावांमध्ये काय देवघेव होते, आणि ती एकाच बाजूनं होऊ लागली म्हणजे काय बिघडतं, एवढंच सांगणार आहे.

आपल्या मराठी नाटकाचा जन्मच मुळी अशा एका मुक्कामातून झाला. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातल्या, होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. खेळ कानडीतला. रंगवलेल्या चेहऱ्यांचे देव आणि राक्षस, मधून मधून विदूषकाचा धुडगूस, आणि सगळी कथा गाऊन पुढे नेणारा भागवत. सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि असंच काही, पण अधिक नेटकं, मराठीत करून दाखवावं असं विष्णुदास भावे या तरुणाला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून दाखवलं. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. शाळाशाळांतून भाव्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, तो योग्यच आहे. पण गुरुजी, त्या दिवशी मुलांपुढे बोलायला उभे राहाल तेव्हा नकाशावर कर्की गावावरही एकदा बोट ठेवा. त्या कानडी मंडळींनी सांगलीची वाट धरली नसती, तर ५ नोव्हेंबर ही तारीख आपल्याला पाठ करावी लागली नसती.

राजाश्रय होता तोवर भाव्यांचं नाटक सांगलीतच रमलं. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि तो आश्रय सरला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन गाव सोडलं. पोटासाठी सोडलं, असं म्हटलं तरी चालेल. पण त्यातून एक मोठी गोष्ट घडली. राजवाड्यातलं नाटक ज्याला बोलावणं असेल त्यानंच बघायचं. फिरतीवरचं नाटक ज्याच्या गाठीला चार पैसे असतील त्या कुणालाही खुलं. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले. सांगलीचा खेळ मुंबईकरानं तिकीट काढून पाहिला.

त्यानंतर जिकडेतिकडे मंडळ्या निघाल्या. त्यांची नावं बघा: सांगलीकर, इचलकरंजीकर, कोल्हापूरकर, आळतेकर, पुणेकर. मालकाचं नाव नाही, देवाचं नाही, गावाचं नाव. आळते हे हातकणंगल्याजवळचं लहानसं गाव. त्या गावाचं नाव दूरदूरच्या लोकांच्या तोंडी झालं ते नाटकापायी. 'आळतेकर आलेत' म्हटलं की लोक मांडवाकडे निघत.

या मंडळ्या कानडी मुलखातही जाऊ लागल्या. धारवाड, हुबळी, गदग, बेळगाव हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. कचेरीत आणि शाळेत मराठीचं वजन होतं. तिथल्या कानडी माणसाला मराठी समजत असे, निदान समजून घ्यावी लागत असे. मराठी नाटक तिथं चांगलं चाले. आणि इथंच ती बिघडणारी गोष्ट आली.

पाहुणा दरसाल यायला लागला, छान जेवूखाऊन, बिदागी घेऊन जायला लागला, आणि यजमानाच्या घरची चूल मात्र पेटेनाशी झाली, तर त्याला नातं म्हणावं का? हा प्रश्न त्या काळी एका शिक्षकाच्या मनात उभा राहिला. सक्करी बाळाचार्य त्यांचं नाव. कानडी साहित्यात ते शांतकवी या नावानं ओळखले जातात. आपले लोक परभाषेतल्या नाटकांवर भुलतात आणि आपल्या भाषेत नाटक नाही, याची त्यांना खंत होती. पण नुसती खंत करून ते थांबले नाहीत. १८७० नंतरच्या दशकात गदगला त्यांनी कृतपुर नाटक मंडळी उभी केली आणि तिच्यासाठी कानडीत नाटकं लिहिली. 'उषाहरण' हे त्यांपैकी गाजलेलं. म्हणजे कर्कीहून कानडी खेळ सांगलीला आला, सांगलीत तो मराठी झाला, मराठी होऊन तो कानडी मुलखात गेला, आणि तिथं त्याला पाहून कानडी नाटक पुन्हा उभं राहिलं. तीस-पस्तीस वर्षांत हे चक्र पुरं झालं. शांतकवींचा राग मला तरी अगदी रास्त वाटतो, आणि त्या रागाचं त्यांनी जे केलं ते त्याहून रास्त वाटतं.

पुढे ही देवघेव इतकी घट्ट झाली की कोण कुणाचं हे सांगणं अवघड व्हावं. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आपल्या नाट्यपदांच्या कितीतरी चाली कर्नाटकी आहेत. केशवराव भोसले कोल्हापूरचे, पण त्यांनी 'ललितकलादर्श' ही मराठी नाटक मंडळी काढली ती १९०८ साली हुबळीत. आणि सवाई गंधर्व मूळ हुबळीजवळच्या कुंदगोळचे. मराठी रंगभूमीवर त्यांनी नाव मिळवलं आणि पुढे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यासारखे शिष्य तयार केले. गवय्यांचा हा सगळा पसारा आपण 'घराणं' या शब्दानं मोजतो. त्याच्या बुडाशी नाटक मंडळ्यांची फिरती होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

मग बोलपट आले. एकामागून एक मंडळ्या मोडल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड, बेळगाव, विजापूर, उत्तर कानडा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. सीमेचा वाद सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरण्याचं हे स्थळ नव्हे. देवघेव मात्र थांबली नाही. ती कागदावरून होऊ लागली. माथेरानला जन्मलेले आणि शिरसी-धारवाडला वाढलेले गिरीश कार्नाड कानडीत 'तुघलक' लिहितात, आणि विजय तेंडुलकर ते मराठीत आणतात. हे मोठंच काम झालं. तरीही पुस्तक टपालानं येतं आणि मंडळी दारात येऊन उतरते, यांत फरक आहे. पुस्तकाला पाणी तापवून द्यावं लागत नाही.

हे पाणी तापवून देण्याचं काम ज्यांनी मनावर घेतलं, त्यांच्याविषयी आता जरा सविस्तर सांगतो. कर्नाटकात शिवमोगा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. सुपारीच्या बागा, भाताची शेतं आणि धो धो पाऊस, असा तो मुलूख. १९४९ साली तिथल्या लोकांनी नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ काढला. त्याचं लहान नाव नीनासम. के. व्ही. सुब्बण्णा हे त्याचे प्राण. स्वतः सुपारीचे बागाईतदार, शिकलेले, लिहिणारे. पण शहरात न जाता गावातच राहिले. खेड्यात त्यांनी नाट्यगृह उभं केलं आणि त्याला शिवराम कारंतांचं नाव दिलं. १९८० साली नाट्यशिक्षणाची शाळा काढली. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली ते गेले.

शाळा निघाली, मुलं शिकून बाहेर पडू लागली. पण शिकलेल्या नटानं जायचं कुठं? मोठ्या शहरात जाऊन कामाच्या शोधात उंबरे झिजवायचे? यातून १९८५ साली 'तिरुगाट' सुरू झालं. तिरुगाट म्हणजे भटकंती. व्यवस्था साधी आहे. पावसाळ्यात दोन-तीन नाटकं बसवायची. पाऊस सरला, ऑक्टोबरच्या सुमारास, की पंधरा-वीस जणांनी सगळं सामान गाडीत घालून निघायचं. चार-पाच महिने गावोगाव फिरायचं आणि शंभराहून अधिक प्रयोग करून परत यायचं. नटच सामान उतरवतात, दिवे लावतात, रंगमंच उभा करतात आणि रात्री तोंडाला रंग लावून उभे राहतात. खेळ संपला की पुन्हा सगळं बांधायचं.

निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम ज्या गावी मुक्काम असतो त्या गावाचं. कुठं हौशी नाट्यसंस्था, कुठं महाविद्यालय, कुठं तरुण मंडळ पुढे होऊन मंडळीला बोलावतं. ठरलेली रक्कम भरायची, जागा द्यायची, उतरण्याची आणि जेवणाची सोय करायची, तिकिटं खपवायची. बहुतेक ठिकाणी एक रात्र नाही, लागोपाठ दोन-तीन रात्री वेगवेगळी नाटकं होतात. म्हणजे लहानशा गावात नाट्यमहोत्सवच म्हणा ना. आज या गावी, परवा पुढच्या. शेक्सपिअर, मोलिएर, संस्कृत नाटक, आपल्याच देशातल्या दुसऱ्या भाषेतलं नाटक, हे सगळं कानडीतून तालुक्याच्या गावात येऊन पोचतं. खेड्यातल्या माणसाला हलकंफुलकंच लागतं, असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशेब पाहावा.

आणि शांतकवींचा प्रश्न? उत्तम तयारीची मंडळी गावात आली की गावची हौशी पोरं दबून जातात, हा धोका इथंही आहेच. १९८० नंतरच्या दशकात नीनासमनं गावोगाव नाटकाची शिबिरं घेतली, चांगले चित्रपट नेऊन दाखवले, त्यावर लोकांना बोलतं केलं. ज्या गावात स्वतः नाटक बसवून पाहिलेली दहा माणसं आहेत, ते गाव पाहुण्यांचं नाटक वेगळ्या नजरेनं बघतं. दाद देतं, आणि चूकही काढतं.

आपल्याकडे १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा आहे. तिनं शेकडो हौशी मंडळांना उभं केलं, हे कबूलच. पण स्पर्धेत नाटक केंद्रावर परीक्षकांपुढे जातं; गावाकडे चालून येत नाही. ते चालून येणारं नाटक बघायचं तर झाडीपट्टीत जावं, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिथल्या मंडळ्यांचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावकरी मंडळं नाटक ठरवतात आणि खेळ रात्रभर चालतो. त्या दिवशी घरोघर पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात, मुलामुलींच्या सोयरिकीसुद्धा जुळतात. नाटक हे निमित्त, गाव गावाला भेटतं. त्या नाटकांच्या कलेवर नाक मुरडणारे आहेत, मुरडोत. एवढ्या थंडीत पहाटेपर्यंत जागा असलेला प्रेक्षक त्यांनी आधी मिळवून दाखवावा.

तेव्हा शिक्षकांनो, आणि गावच्या तरुण मंडळातल्या पोरांनो, तुमच्याकडे नाटक बोलवायचं मनात आलं तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. शेजारच्या चार गावांशी आधी बोला. एका खेळासाठी लांबून मंडळी आणणं जड जातं, चार गावांनी मिळून सलग मुक्काम ठरवले की प्रवासाचा खर्च वाटला जातो. शक्य तर नटांना लॉजवर ठेवू नका. घरोघर दोन-दोन जण वाटून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी चहा घेऊन निघायच्या आधी शाळेत अर्धा तास त्यांना मुलांपुढे बसवा, आणि मुलांना हवं ते विचारू द्या. मुलं मुखवट्याला हात लावून बघतील, तलवार लाकडाची निघाली म्हणून हसतील. ती हसून झाली की त्यांचं स्वतःचं पाच मिनिटांचं नाटुकलं, कसंही बसवलेलं असो, त्या पाहुण्यांना दाखवा. गाडी तेवढी थांबेल.