चित्रकलेचा तास रिकामा नव्हे
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आज गुणवंतांचे कौतुक करताना गणित, विज्ञान, इंग्रजीतील गुणांचा उल्लेख झाला. तो योग्यच आहे. परंतु वेळापत्रकातील एका उपेक्षित विषयाबद्दल मी दोन शब्द बोलणार आहे. तो विषय म्हणजे चित्रकला.

माझी पुतणी कलाशिक्षक पदविकेचे, म्हणजे ए.टी.डी.चे शिक्षण घेत आहे. त्यासाठी शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात. अशा एका दिवसाची हकिकत तिने घरी सांगितली, ती आपल्यापुढे ठेवतो.

पहिला पाठ पाचवीचा, विषय स्मरणचित्र. मुलांनी भराभर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि कौलारू घर काढले. सगळ्यांचे चित्र एकच! तिने विचारले, "ही नदी कोणी पाहिली आहे?" वर्ग गप्प. मग ती म्हणाली, "सकाळी घरातून निघाल्यावर जे दिसते ते काढा." तेव्हा कुठे नळावरची रांग, इस्त्रीचे दुकान, रिक्षा कागदावर उतरली.

अर्ध्या वर्गाजवळ रंगपेटी नव्हती. तिने लाल, पिवळा, निळा असे तीनच रंग घेतले. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, लाल मिसळला की नारिंगी. महागड्या पेटीवाचून चित्र अडत नाही, हे मुलांना कळले.

दुसरा पाठ आठवीचा, वस्तुचित्राचा. स्टुलावर माठ ठेवला. माठाचे तोंड गोल असते हे आपल्याला ठाऊक आहे. पण बाकावरून ते लंबगोल दिसते. पुढच्या बाकावरून जास्त उघडे, मागच्या बाकावरून चपटे. म्हणजे दोघांची चित्रे वेगळी, तरी दोन्ही बरोबर. शेजाऱ्याची नक्कल करणाऱ्याचे चित्र मात्र चुकते, कारण त्याची जागा वेगळी असते. मित्रांनो, आपल्या जागेवरून, आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे हे शिक्षण आहे. मी बँकेत सही नमुन्याशी ताडून पाहतो, तेव्हा अक्षराचे वळण न्याहाळणारी हीच नजर कामी येते.

तिसरा पाठ झालाच नाही. घटक चाचणी जवळ आल्यामुळे तो तास गणिताला देण्यात आला.

हे एका शाळेपुरते नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचे असावे अशी शिफारस केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मात्र सहावी ते आठवीच्या, शंभराहून अधिक पटाच्या शाळांना कलेसाठी अर्धवेळ शिक्षक सांगितला आहे. जो तास कधीही काढून घेता येतो, त्याच्या शिक्षकाची जागा तरी कशी टिकणार?

पालकांना माझी विनंती आहे. "चित्राने पोट भरते का?" असे मुलांना म्हणू नका. पालकसभेत चित्रकलेच्या तासाचीही चौकशी करा. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. आपल्या संस्थेनेही अभ्यासिकेत तीन रंगांच्या बाटल्या, ब्रश आणि कागद ठेवावेत. खर्च फार नाही. ज्या मुलाचा हात पेनपेक्षा ब्रशने लवकर बोलतो, त्याला निदान बोलायला जागा मिळेल.