कागदाची साक्ष

दुर्मीळ ग्रंथ, त्याभोवतीचे गूढ आणि त्याचा माग काढणारा पुस्तकविक्रेता, हा मेळ रहस्यकथांच्या वाचकांना परिचित आहे. लंडनमध्ये तो प्रत्यक्षात जुळून आला. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची ‘रेडिंग, १८४७’ असा छाप मिरविणारी पुस्तिका संग्राहक मोठ्या किमतीस घेत असत. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या तरुण ग्रंथविक्रेत्यांना एक साधी गोष्ट खटकली: कवयित्रीने स्वाक्षरी करून भेट दिलेली एकही प्रत कोठे आढळत नव्हती. मग त्यांनी काव्य बाजूस ठेवून कागदच तपासविला. त्यात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला. आणि इंग्लंडात तो १८७४ पूर्वी वापरातच नव्हता! १९३४ साली त्यांनी अशा अनेक पुस्तिकांचे पितळ उघडे पाडले. संशयाचा रोख वळला तो थॉमस वाइज यांच्याकडे. ज्यांच्या सूचीग्रंथांवर सारा व्यापार विसंबून होता, तेच हे गृहस्थ. परीक्षकानेच नाणी पाडावीत, असा हा प्रकार. वाइज १९३७ साली कबुली न देताच वारले. त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला. त्यातील जुन्या नाटकांच्या काही प्रती त्याच म्युझियममधील ग्रंथांची पाने चोरून पुऱ्या केलेल्या होत्या, हे उमगावयास आणखी वीसेक वर्षे जावी लागली.