देहाचे शब्द आणि श्रमिकांचे आरोग्य
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



श्रमिकाच्या शरीरावर मालकी कोणाची, हा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. कामाच्या तासांचा लढा, प्रसूतिरजेचा लढा, गिरणीतील कापसाच्या तंतूंनी जर्जर झालेल्या फुप्फुसांच्या नुकसानभरपाईचा लढा, या साऱ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता. परंतु याच शरीराचा एक भाग असा आहे की त्याचे नाव उच्चारताच सभेतील माणसे जमिनीकडे पाहू लागतात. हात, पाय, काळीज, फुप्फुस यांना नावे आहेत. जननेंद्रियांना मात्र एकीकडे शिव्या आहेत आणि दुसरीकडे दवाखान्यातील इंग्रजी शब्द आहेत. या दोहोंच्या मध्ये जी पोकळी आहे तिची किंमत कोण मोजतो, हा आजचा विषय आहे.

प्रारंभ बीड जिल्ह्यापासून करणे योग्य होईल. या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो स्त्रीपुरुष ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशोबात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ असतो. उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. अशा स्थितीत पाळी हे संकट होते आणि ओटीपोटातील दुखणे म्हणजे बुडालेली मजुरी होते. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. अनेकींची चाळिशीही उलटलेली नव्हती.

या स्त्रियांच्या तोंडी शस्त्रक्रियेसाठी शब्द होता ‘पिशवी काढली’. हा शब्द नीट ऐकला पाहिजे. पिशवी म्हणजे वस्तू ठेवण्याची जागा. मुले झाली, पिशवी रिकामी झाली. रिकामी पिशवी दुखू लागली तर ती टाकून द्यावी, हे त्या शब्दातूनच ओघाने येते. डॉक्टरने ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढे म्हटले की भीती आणि शब्द दोन्ही मिळून निर्णय घेतात. दोष बाईच्या भाषेचा नाही. ती भाषा जेथे थांबते तेथून पुढे तिला कोणी नेले नाही, हा दोष आहे.

पुढे नेणे अवघड नाही. गर्भाशय हा पेरूच्या आकाराचा, मूठभर, स्नायूंचा अवयव आहे; सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद. त्याचे खालचे अरुंद टोक म्हणजे गर्भाशयमुख, बोलीत पिशवीचे तोंड. ते योनिमार्गात उघडते. वरच्या दोन्ही बाजूंनी दोन बीजवाहिन्या निघतात आणि त्यांच्या टोकांशी दोन बीजकोश असतात, प्रत्येकी बदामाएवढा. दर महिन्याला साधारणतः एक बीज पक्व होते. ते फळले नाही तर गर्भाशयाचे आतले अस्तर रक्ताबरोबर गळून पडते. हीच पाळी. त्यात अपवित्र काही नाही आणि ‘घाणेरडे रक्त’ही नाही. बाहेरून पाहता स्त्रीला तीन वेगळी द्वारे असतात: मूत्रद्वार, योनिद्वार आणि गुदद्वार. लघवी आणि पाळी एकाच वाटेने जातात असे आयुष्यभर मानणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्याहून अधिक पुरुष आहेत.

आता बीजकोशांकडे लक्ष द्यावे. ते केवळ बीज तयार करीत नाहीत. हाडे, हृदय, त्वचा, झोप या सर्वांवर परिणाम करणारे संप्रेरक ते रक्तात सोडतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर तिशीपस्तिशीतील स्त्रीला एकाएकी रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. जिला पुन्हा फडावर मोळी उचलायची आहे तिच्या दृष्टीने ही माहिती म्हणजे तिच्या रोजीचा प्रश्न आहे. परंतु ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत बीजकोश आहेत की गेले, हे कळायला मार्गच नसतो. आणि ज्या तक्रारीसाठी पिशवी काढली जाते तिचे मूळ पुष्कळदा अंगावरून पांढरे जाणे हे असते. त्यामागे जंतुसंसर्ग असेल तर तो बहुधा औषधगोळ्यांनी बरा होण्याजोगा असतो.

हे मौन बीडपुरते नाही, आणि २०१९ पुरतेही नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एक ना एक विकार होता. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि संततिनियमन, असेच सरकारी योजना मानीत होत्या. बाईचे दुखणे मोजले गेले नाही, कारण ते बोललेच गेले नव्हते.

शब्दांचा हा दुष्काळ केवळ अडाणीपणातून आला असे समजण्याचे कारण नाही. विद्वानांनीही त्याला हातभार लावला आहे. गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘हिस्टेरिया’ हे नाव आले, आणि शतकानुशतके स्त्रीच्या प्रत्येक अस्वस्थतेचे खापर तिच्या गर्भाशयावर फोडले गेले. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला लॅटिनमध्ये ‘पुडेंडम’ म्हणत. त्याचा अर्थ लाज वाटण्याजोगा भाग. हे नाव शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतून २०१९ च्या आवृत्तीत वगळले गेले. योनीचे लॅटिन नाव ‘व्हजायना’ म्हणजे तलवारीचे म्यान. म्यानाला स्वतःचे प्रयोजन नसते, ते तलवारीसाठी असते. शिश्निका हा स्त्रीच्या कामसुखाचा अवयव. त्याचा बराचसा भाग शरीराच्या आत असतो हे ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले, तेव्हा माणूस चंद्रावर जाऊन आल्याला जवळजवळ तीस वर्षे झाली होती. मराठीतही ‘गुप्तांग’, ‘गुप्तरोग’ हे शब्द रुळले आहेत. जो रोग गुप्त, त्याचा उपचारही गुप्त. आणि गुप्त उपचाराचा धंदा भिंतीवरच्या जाहिराती रंगविणारे भोंदू करतात.

एका शब्दाने केवढा अन्याय होऊ शकतो याचे उदाहरण ‘कौमार्यपटल’ हे आहे. योनिद्वाराशी असलेले हे पातळ आवरण प्रत्येकीत वेगळ्या आकाराचे असते. खेळताना, कष्टाची कामे करताना ते ताणले जाऊ शकते, आणि संबंधानंतरही कित्येकदा त्यावर काही खूण राहत नाही. त्यावरून स्त्रीचा पूर्वेतिहास सांगता येत नाही. ‘योनिपटल’ म्हटले तर एका अवयवाचे वर्णन होते. ‘कौमार्यपटल’ म्हटले की अवयवाच्या जागी न्यायनिवाडा येतो. बलात्कारपीडितेच्या तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ याच समजुतीवर उभी होती. ती अशास्त्रीय आहे आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही सांगावे लागले.

पुरुषाच्या बाबतीत अज्ञान कमी आहे, असे मानणे हा भ्रम आहे. ‘नसबंदी’ हा शब्द पहावा. नस म्हणजे लोकभाषेत रक्ताची शीर किंवा शक्तीचा धागा. ती बंद केली की पुरुष दुबळा होणार, ओझे उचलू शकणार नाही, ही भीती शब्दातच दडलेली आहे. प्रत्यक्षात वृषणात तयार होणारे शुक्रजंतू ज्या नळीतून पुढे जातात ती शुक्रवाहिनी तेवढी बांधली जाते. पौरुषाचे संप्रेरक त्या नळीतून जातच नाही; वृषणांतून ते थेट रक्तात मिसळते. वीर्याचा बहुतांश भागही शुक्राशयात आणि पुरःस्थ ग्रंथीत तयार होतो, म्हणून त्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. पहिले सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, एवढेच पथ्य. स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडावे किंवा छेदावे लागते. पुरुषाची शस्त्रक्रिया त्या मानाने किरकोळ आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली होती, आणि पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण होते ०.३ टक्के.

या विषमतेला इतिहास आहे आणि तो या चळवळीच्या परिचयाचा आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवर. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयकच १९७६ मध्ये संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. गरीब, दलित, मुसलमान पुरुषांना रांगेत उभे करून जे केले गेले त्याचा रास्त संताप १९७७ च्या मतदानात दिसला. परंतु त्यानंतर सरकारांनी सक्तीचा धडा पुरुषांपुरताच घेतला. लक्ष्य ठरवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत उरली. फक्त टेबलावरचे शरीर बदलले. पुरुषांवरील जुलमाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली ती स्त्रियांच्या शिबिरांविषयी तेवढ्याच तीव्रतेने बोलली काय, हे कार्यकर्त्यांनी स्वतःशीच तपासून पाहावे.

महाराष्ट्राला या विषयावर बोलण्याची परंपराच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. या प्रचारापायी कर्व्यांना गणिताच्या प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळजवळ एकहाती चालविले, वाचकांच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली, आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली दंडही भरला. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा तेथे मांडला गेलेला विचार मात्र हरला नाही. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही फेटाळला गेला. गणिताचा प्राध्यापक आणि घटनेचा शिल्पकार यांना ज्या विषयाची लाज वाटली नाही, तो विषय तालुक्याच्या कार्यकर्त्याने टाळावा याला काही कारण नाही.

ज्ञान श्रमिकांच्या हाती गेले की काय घडते, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने तेथील झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. अल्प प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्या कॅन्सरची भीती घालून निरोगी पिशव्या काढल्या गेल्या, त्याच कॅन्सरवरचा खरा उपाय इतका स्वस्त होता.

तेव्हा करावयाचे काय? कायदा आणि आदेश आवश्यक आहेत. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट २०१९ मध्ये घातली गेली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. परंतु आदेश कागदावर असतो आणि बाई एकटी डॉक्टरसमोर असते. त्या क्षणी तिच्यापाशी प्रश्न हवेत. आजाराचे नाव काय? गोळ्यांनी बरा होणार नाही काय? गर्भाशयमुखाची तपासणी झाली काय? बीजकोश ठेवणार की काढणार? सोनोग्राफीचे व तपासणीचे कागद मला मिळतील काय? सरकारी दवाखान्यात दुसरे मत घेईपर्यंत थांबले तर काय बिघडेल? हे सहा प्रश्न पाठ असलेली बाई सहजासहजी फसत नाही.

हे प्रश्न तिच्यापर्यंत नेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. कारखाने सुरू होण्यापूर्वी, टोळ्या गावातच असताना, फळ्यावर दोन आकृत्या काढाव्यात, एक स्त्रीची आणि एक पुरुषाची. प्रत्येक अवयवापुढे गावचा शब्द आणि शास्त्राचा शब्द शेजारी शेजारी लिहावा: पिशवी आणि गर्भाशय, गोट्या आणि वृषण. गावच्या शब्दाला हसू नये आणि शास्त्राच्या शब्दाने दिपवू नये. आशासेविकेला बोलावून बोलण्याचा मान प्रथम तिला द्यावा. बैठक केवळ स्त्रियांची घेऊन पुरुषांना मोकळे सोडू नये. कारण उचल घेणारा बहुधा पुरुष असतो आणि शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठाही पुष्कळदा त्याचाच असतो. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्रजंतूवरून ठरते, एवढे एक वाक्य जरी त्या बैठकीत पुरुषांच्या कानी पडले, तरी काही घरांतील मार थांबेल.

आणि मूळ मागणी विसरून चालणार नाही. फडावर पाणी आणि संडास, पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवशी दंडाशिवाय सुटी, हंगामात फिरता दवाखाना, कोयत्यातील स्त्रीच्या नावावर तिची स्वतंत्र मजुरी. या गोष्टी नसतील तर अवयवांची नावे पाठ करूनही बाईला पिशवी काढून घेणे परवडते आणि ठेवणे परवडत नाही, अशी वेळ पुन्हा येईल. शब्द हे हत्यार आहे; ते कशासाठी उगारायचे याचे भान संघटनेने ठेवायचे आहे.