खंडेनवमीच्या पाटावरचे रिव्हॉल्व्हर

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "रोजच्या संरक्षणासाठी बाळगलेले रिव्हॉल्व्हर." ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "गणपतीसमोर?" मी म्हटले, आपल्या ग्वाल्हेरात हा विषय गणपतीसमोर नाही बोलायचा तर कुठे बोलायचा? लश्करातल्या जुन्या मराठी घरांमध्ये खंडेनवमीला पाटावर तलवार, कट्यार आणि त्यांच्याशेजारी एखादी बंदूक किंवा पिस्तूल मांडून हळदकुंकू वाहिले जायचे. इथल्या अनेकांनी ते पाहिले आहे, काहींच्या घरी आजही होते.

मी काही व्याख्याता नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस आहे. पण या विषयावर बोलावे असे वाटण्याला दोन कारणे आहेत. आमच्या घरी दोन पिढ्यांनी एकच रिव्हॉल्व्हर बाळगले, आणि तिसऱ्या पिढीत त्याचे काय करायचे हे ठरवणे माझ्यावर आले. शिवाय नोकरीची काही वर्षे शेजारच्या एका जिल्ह्यात शस्त्र परवान्यांच्या फायली माझ्याच टेबलावरून पुढे जात होत्या.

आधी घरचे सांगतो. आजोबा शिंदे सरकारच्या महसूल खात्यात होते. वसुलीची रक्कम सोबत घेऊन नॅरोगेजच्या छोट्या गाडीने भिंड, सबलगढ या बाजूंना जावे लागे. स्टेशनापासून पुढे बैलगाडी किंवा घोडा. दोन्ही बाजूंना चंबळेचे भरके, म्हणजे मातीच्या घळी, ज्यात उतरलेला माणूस दहा पावलांवर दिसत नाही. १९३४ साली त्यांनी रियासतीच्या परवान्यावर वेब्ली स्कॉट कंपनीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. सहा गोळ्यांचे, नळी खाली वाकवून मधोमध उघडणारे. उघडले की रिकामी काडतुसे आपोआप वर येत.

ते नेहमी कोटाच्या आतल्या खिशात असायचे. आमच्या आजीला लग्नानंतर दोन वर्षे घरात असे काही आहे हेच माहीत नव्हते. आजोबा म्हणायचे, "ज्याला ते दिसले, त्याला ते काढून घ्यायची बुद्धी होते." बत्तीस वर्षांत त्यांनी माणसावर एकही गोळी झाडली नाही. एकदा रात्री गाडीवानाने बैल थांबवले आणि खाली उतरून कुणाशी तरी कुजबुजू लागला, तेव्हा आजोबांनी हात कोटात घातला आणि मोठ्याने विचारले, "कोण आहे?" समोरून उत्तर आले, "पाटवारी आहे, साहेब." खरोखरच तो गावचा पटवारी होता, सामोरा आला होता. ही गोष्ट ते वडिलांना पुन्हा पुन्हा सांगत आणि शेवटी एकच वाक्य बोलत, "आधी आवाज, मग हात."

१९६६ साली आजोबा गेले आणि वारसाहक्काने परवाना वडिलांच्या नावावर झाला. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कालव्यांवर ओव्हरसियर होते. १९६० साली गांधीसागर धरण आणि कोटा बॅरेज पुरे झाले आणि चंबळेचे पाणी उजव्या कालव्याने मुरैना-भिंडकडे आले. त्याच्या शाखांची, दुरुस्तीची कामे वर्षानुवर्षे चालली. मजुरांचा पगार रोख. हजेरीपट आणि नोटांची पिशवी घेऊन नाना जीपने जायचे, आणि पिशवीत हजेरीपटाच्या खाली ते रिव्हॉल्व्हर.

तो काळ आजच्या मुलांना सिनेमातून कळतो, पण तो इथला रोजचा काळ होता. मानसिंग १९५५ साली मारला गेला, तरी टोळ्या संपल्या नाहीत. मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या गावांतून पायी फिरले. मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग याने नैनीच्या तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले होते, म्हणून ते आले. कोकणातल्या गागोद्याला जन्मलेल्या या मराठी माणसाच्या पायाशी वीस बागींनी बंदुका ठेवल्या. त्याच्याजवळ काय होते? एक काठीसुद्धा नव्हती. पुढे एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाशजींच्या समोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांचे साथीदार शरण आले. नाना त्या दिवशी गर्दीत होते. ते सांगायचे, "बंदुकांचा ढीग पाहिला आणि मला माझ्या पिशवीतल्या त्या वस्तूची लाज वाटली. पण दुसऱ्या आठवड्यात पगार वाटायला जाताना ती परत घेतलीच."

मला हे वाक्य फार खरे वाटते. विनोबांना काठी लागली नाही म्हणून ओव्हरसियरला भीती वाटू नये, असे कुणी म्हणू नये. त्याच्या पिशवीत दोनशे माणसांच्या घरची चूल होती.

आता १९९६ सालची गोष्ट. मी सतरा वर्षांचा. गणपतीचेच दिवस. मंडळाच्या नाटकाची तालीम लांबली. रात्री दोनच्या सुमारास घरी आलो. पुढचे दार वाजवले असते तर बोलणी बसली असती, म्हणून मागच्या गल्लीतून भिंतीवर चढलो आणि अंगणात उडी मारली. खाली बादली होती, ती गडगडली. अंधारात मागच्या दारात एक आकृती उभी राहिली आणि आवाज आला, "कोण आहे?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुन्हा आवाज आला, आणखी मोठा, "कोण आहे? बोल!" मी कसाबसा म्हणालो, "नाना, मी." दिवा लागला. नानांच्या हातात रिव्हॉल्व्हर होते आणि नळी जमिनीकडे होती. ते रागावले नाहीत. पायरीवर बसले आणि खूप वेळ बसूनच राहिले. आईने पाणी आणून दिले ते त्यांच्या हातून सांडले.

त्या रात्री मी वाचलो तो आजोबांच्या दोन शब्दांमुळे. रिव्हॉल्व्हरने आमच्या घरात कुणाला वाचवल्याचा एकही प्रसंग मला माहीत नाही. ते झाडण्याआधी विचारलेल्या प्रश्नाने मात्र मला वाचवले.

पुढे नोकरीत परवान्याच्या टेबलावर बसलो तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. अर्जात कारण लिहायचे असते. बहुतेक सगळे लिहितात, ‘जीवितास व मालमत्तेस धोका’. त्यातले काही अगदी खरे असतात. एक शेतकरी यायचा, जमिनीच्या वादात त्याचा भाऊ मारला गेला होता आणि सुटून आलेले आरोपी शेजारच्याच गावात राहत होते. त्याच्या डोळ्यांत पाहिले की फाईल खाली ठेवावीशी वाटत नसे. पण त्याच्यामागे रांगेत असे कितीतरी होते, ज्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि वरातीत कमरेला काहीतरी दिसायला हवे होते. आपल्या भागात परवान्याची ओढ एवढी, की २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली, आणि २०१९ साली आपल्या ग्वाल्हेरात अर्जदाराने दहा झाडे लावून त्यांच्यासोबतचा फोटो जोडावा असे ठरले. प्रशासनाने माणसांची नाडी बरोबर ओळखली होती!

त्या टेबलावर मला एक गोष्ट उमगली. आजोबांचे हत्यार कोटाच्या आत होते, नानांचे पिशवीच्या तळाशी होते, आणि आताचे शर्टाच्या वर आहे. लपवायची वस्तू दाखवायची झाली. जो खरोखर भितो तो हत्यार लपवतो. जो दाखवतो त्याला संरक्षण नको असते, मान हवा असतो. मान मिळवण्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी सहा गोळ्या भरून बाजारात फिरणे फार महाग पडते.

धोकेही बदलले. पगार बँकेत जातो, भाजीवाल्याला पैसे मोबाईलवरून जातात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची निवृत्तीची मोठी रक्कम गेल्या वर्षी फोनवरच्या भामट्याने काढून घेतली. त्या वेळी परवान्याचे रिव्हॉल्व्हर त्यांच्या कमरेलाच होते.

थोडे कायद्याविषयी, कारण बाहेर चुकीचे फार ऐकू येते. परवाना म्हणजे गोळी झाडायची परवानगी नव्हे, ती फक्त बाळगायची परवानगी आहे. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, परवाना असो वा नसो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. त्याचे सूत्र जुनेच आहे. बचावाला जेवढे लागेल तेवढेच, त्याहून जास्त इजा नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क लागू होत नाही. पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणे हे संरक्षण नव्हे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, तर लग्नकार्यात किंवा आनंदाच्या भरात बेपर्वाईने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वरातीत उडवलेली गोळी आकाशात विरघळत नाही. ती कुठेतरी खाली येते, कधी मांडवात, कधी शेजारच्या गच्चीवर उभ्या पोरीवर.

आता शेवटचे, आणि मला सांगायला थोडे जड जाणारे.

२०१२ साली आई गेली. नाना सत्तरीचे होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, हात कापायचा, ऐकू कमी येऊ लागले होते. तरी रिव्हॉल्व्हर उशीखाली घेऊन झोपायचे. नूतनीकरणाला मीच त्यांना घेऊन जायचो, आणि घरी मात्र याविषयी काही बोलायचा धीर मला होत नसे. मी त्या टेबलावर बसलेला माणूस, लोकांना नियम समजावून सांगणारा, आणि स्वतःच्या वडिलांसमोर मुका. २०१४ च्या एका सकाळी मोरीकडे गेलो. माझा नऊ वर्षांचा मुलगा दात घासत होता. त्याच्या शेजारी कट्ट्यावर, नानांच्या कवळीच्या वाटीजवळ, ते रिव्हॉल्व्हर पडले होते. सहाही गोळ्या आत. नाना ते तिथे विसरले होते.

मी काही बोललो नाही. ते उचलले आणि नानांच्या पुढ्यात नेऊन ठेवले. वाटले, आता ते चिडतील. मुलाने बापाकडून हत्यार मागणे म्हणजे, तू म्हातारा झालास, असे तोंडावर सांगणे. नानांनी त्याच्याकडे पाहिले, मग दाराआडून डोकावणाऱ्या नातवाकडे पाहिले. म्हणाले, "मी अजून ‘कोण आहे’ विचारू शकतो रे. पण समोरच्याचे उत्तर आता मला ऐकू येत नाही." त्याच दिवशी दुपारी ते माझ्यासोबत आले आणि परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करून पावती घेतली. परत येताना रिक्षात त्यांचा हात सारखा कमरेशी जात होता.

२०१९ साली नाना गेले. परवानाधारक गेला की त्याचे हत्यार घरात ठेवणे हा गुन्हा असतो. वारसांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. इथे कुणाच्या घरी कपाटात ‘बाबांची आठवण’ म्हणून असे काही पडून असेल, तर उद्याच हालचाल करा, ही माझी हात जोडून विनंती. आमचे आधीच जमा होते. खाजगी माणसाला परदेशी हत्यार मागवणे ऐंशीच्या दशकातच बंद झाल्यामुळे जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरला फार भाव आहे. मला एका छोट्या चारचाकीएवढी रक्कम सांगितली गेली. माझ्या बहिणीचा त्यात निम्मा हक्क. मुलगा म्हणत होता, "बाबा, विकू नका. मला एकवीस पुरी झाली की मी परवाना काढतो. पणजोबांची वस्तू आहे." बहिणीने फोनवर विचारले, "तुला काय वाटते?" मी तिला मोरीच्या कट्ट्याची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला पैसे नकोत. ते दुसऱ्या कुणाच्या मोरीत जायला नको."

आम्ही दोघांनी सही करून ते सरकारजमा केले. मुलगा काही दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याची बाजू मला कळते. पिढ्यांतून आलेली वस्तू तुटल्याचे दुःख असते. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर मी आजोबांचा टेप, नानांची लेव्हल घेण्याची दुर्बीण आणि माझी पट्टी-कंपास ठेवली. मुलाने न सांगता स्वतःचा लॅपटॉप आणून शेजारी ठेवला आणि त्यावर फूल वाहिले. शस्त्र म्हणजे ज्याच्यावर घर चालते ते, हा अर्थही आपल्या परंपरेतलाच आहे.

ज्यांना खरा धोका आहे त्यांनी हत्यार बाळगू नये, असे मी म्हणत नाही. फक्त दरवर्षी एकदा स्वतःला विचारावे. मला अजून नीट दिसते का? ऐकू येते का? राग आवरतो का? घरातले लहान मूल ते कुठे असते हे जाणते का? आणि हे मी भीतीपोटी घेतले की मानापोटी? समोर बसलेल्या बाप्पाच्या हातात परशू आहे तसा अंकुशही आहे. आमच्या घरी हत्यार आजोबांनी आणले, पण वारसा म्हणून मुलाला द्यावे असे मला त्यांचे दोन शब्दच वाटतात. आधी आवाज, मग हात.

 गणपती बाप्पा मोरया!