गाव कुणाचं?



मला सांगण्यात आलं, 'दलित स्त्रियांचं साहित्य' यावर बोल. एवढा मोठा विषय आपल्याला झेपणारा नाही. मी दोन बायांविषयी बोलतो. बेबीताई कांबळे आणि उर्मिला पवार. त्यातही त्यांच्या पोरवयाविषयी.

आपण इथं जमलेले बहुतेक चाळीत नाहीतर झोपडपट्टीत वाढलेले. कुणी विचारलं गाव कुठलं, की बापाचं गाव ठोकून देतो. मीही द्यायचो. सुट्टीत तिकडं गेलो की कळायचं, गाव म्हंजे ते देवळाकडचं. आपली नुसती वस्ती.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा. पुरंदर तालुक्यातलं वीरगाव हे आजोळ, बालपण तिथलं. देशावरचा महारवाडा, गावकुसाबाहेर. येसकराची पाळी, दारोदारची मागून आणलेली भाकर, आणि समोरून सवर्ण आला की बाईनं वाट सोडून खाली उतरायचं. हे आपल्याला पाठ आहे. पण उर्मिलाताई, जन्म १९४५, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. त्यांनी 'आयदान'मधे कोकणातलं जे सांगितलंय ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. तिथं महारांची घरं गावाबाहेर नव्हती, गावाच्या मधोमध होती. का? तर कुठूनही हाक मारली की महार हजर व्हावा! बघा आता. आपल्या कवितांतून 'गावकुसाबाहेर' हा शब्द आपण वापरून वापरून पार गुळगुळीत केला. गावाच्या पोटात राहूनही परकं असता येतं, हे त्यात बसतच नाही.

उर्मिलाचे वडील शिक्षक. ते लवकर गेले. आई बांबूची आयदानं विणायची, आणि विणलेल्या टोपल्या घरोघर पोचवायला ही पोर. उंबऱ्याबाहेर टोपली ठेवायची. घरातली बाई वरून पाणी शिंपडणार, मग टोपली उचलणार. पैसे हाताला हात न लावता वरून टाकणार. म्हंजे टोपली पाण्यानं शुद्ध होते, त्यात उद्या यांचीच भाजी, यांचीच मासळी. पोरगी मात्र कशानंच शुद्ध होत नाही. शाळेत एक गुरुजी शेण काढायला लावायचे. पोरगी नाही म्हणाली, मार खाल्ला. तेव्हा त्या विणकाम करणाऱ्या विधवा आईनं गुरुजींनाच जाब विचारला. मास्तरसमोर आवाज काढणं तेव्हा काय होतं, ते आपल्या आयांना विचारा.

बेबी फलटणच्या शाळेत गेली तेव्हा एकटी नव्हती, वस्तीतल्या पोरी सोबत होत्या. वेगळं बसवायचे, पण या पोरी भांडायच्या. तोवर बाबासाहेबांचं जेजुरीचं भाषण बायांच्या कानावर गेलं होतं, पोरांना शाळेत घाला म्हणून. मला वाटतं, म्हणूनच बेबीताईंच्या पुस्तकाचं नावच 'जिणं आमुचं'. माझं नाही, आमुचं. उर्मिलाताई पोरवयात जास्त एकट्या दिसतात. त्यांचं दुखणं 'मी' म्हणून येतं, आणि त्यामुळं जास्त बोचतं. कुणाचं मोठं हे मोजायचा धंदा मी करणार नाही.

आता कडू बोलतो. रागावू नका, म्हंजे रागावलात तरी चालेल. गावानं आपलं म्हटलं नाही, ठीक आहे, गाव दुश्मनाचं. घराचं काय? बेबीताईंचे वडील ठेकेदार, दिलदार माणूस, सगळ्यांना वाटणारा. आणि बायकोला घरात कोंडून ठेवणारा. महारवाड्यातल्या सुनांच्या पायात लाकडाचा खोडा घालायचे, तो सवर्णांनी घातला नव्हता. तेराव्या वर्षाच्या आसपास बेबीचं लग्न झालं. पुढं फलटणला दुकान टाकलं, सामान बांधायला आलेली रद्दी वाचली, आणि त्याच गल्ल्यामागं लिहिलं. नवऱ्याला, पोराला दिसू नये म्हणून वीस वर्षं लपवलं! मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळं ते उजेडात आलं. १९८२ ला 'स्त्री' मासिकात, १९८६ ला पुस्तक. उर्मिलाताई सरकारी नोकरी करत होत्या, पगार नवऱ्याच्या हातात जायचा. एम.ए. करायला निघाल्या तेव्हा घरात कुरबूर. हे सगळं जयभीमवाल्या घरांत, दोस्तांनो.

माझी आई चौथी शिकलेली. किराण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं काहीतरी लिहायची. मी कॉलेजात, मोर्चात, घोषणेत. एकदा वही उघडून दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मित्रांसमोर हसलो. त्यानंतर तिनं वही कुठं ठेवली, मला माहीत नाही. ती गेली तेव्हा घर आवरताना शोधली. सापडली नाही.

बेबीताई २०१२ साली गेल्या. दोन्ही पुस्तकांच्या प्रती मी आणल्यात. पुढच्या रविवारी याच हॉलमधे वाचायला बसू. आत चहा करतायत त्या पोरींना आधी बाहेर बोलवा, पहिलं पान त्या वाचतील. चहा मी बघतो.