टाकसाळीची चूक की नंतरची इजा?

जुन्या बाजारात तांब्याचं वेडंवाकडं नाणं दाखवून विक्रेता सांगतो, "टाकसाळीची चूक आहे, दुर्मीळ!" लगेच पैसे काढू नका. आधी कड बघा.

ईस्ट इंडिया कंपनीचा 1835 चा पाव आणा घ्या. याच्या चकत्या तांब्याच्या पत्र्यातून यंत्रानं कापल्या जात. कापणी आधीच्या भोकावर चढली, की चकतीला चंद्रकोरीसारखी खाच पडे. अशा चकतीवर ठसा उमटताना खाचेजवळची अक्षरं ओढली जातात आणि बहुधा खाचेच्या बरोबर समोरची कड अंधूक उठते. कानशीनं घासलेल्या नाण्यात समोरची कड ठसठशीत राहते, अक्षरं मध्येच कापली जातात.

कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप पडते; दुसरी बाजू मात्र नेहमीसारखी स्पष्ट. दोन नाणी शेगड्यात दाबून ही नक्कल करतात, पण तेव्हा दुसरी बाजू चेपलेली दिसते.

शिवराईला हे निकष लावू नका. ती हातोड्यानं पाडलेली, चकती बहुधा ठशापेक्षा लहान. 'श्री राजा शिव' यातलं एखादं अक्षर कडेबाहेर जाणं नित्याचंच. त्याला चूक म्हणून जादा दाम मागणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि कृपा करून नाणं चिंचेनं घासू नका. खाचेतही जुना राप आहे की ताजं तांबं चमकतंय, हा मोठा पुरावा त्यात धुऊन जातो.