डासांपासून बचावाचे निर्धोक उपाय
(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या आरोग्य शिबिरासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा सुरू झाला की गोव्यातील बहुतेक घरांतून तिन्हीसांजेला धूर निघू लागतो. कोणी कडुनिंबाचा पाला जाळतो, कोणी नारळाची सोडणे पेटवतो, कोणी बाजारातून आणलेली डास पळविणारी वेटोळ्याची कांडी लावतो. दारे-खिडक्या बंद होतात आणि मुले त्याच धुरात झोपी जातात. डास चावू नये हा यामागील हेतू योग्यच आहे. परंतु हा उपाय पुरेसा आहे काय, आणि मुख्य म्हणजे तो निर्धोक आहे काय, याचा विचार क्वचितच होतो.

जुन्या काळी हिवताप दूषित हवेमुळे होतो असा समज होता. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. वारंवार येणाऱ्या रोगराईमुळे एकेकाळचे वैभवशाली जुने गोवे शहर ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. त्या काळच्या लोकांना शत्रू दिसत नव्हता, म्हणून ते हवेला दोष देत असत. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे सर रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या ॲनॉफिलिस डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूंच्या वाढीची अवस्था सापडली, आणि हवेचा दोष संपून डासाचा दोष सिद्ध झाला. या संशोधनासाठी १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या गोष्टीला सव्वाशे वर्षे उलटून गेली आहेत, तरी धूर केल्याने घर शुद्ध व सुरक्षित होते ही समजूत अद्याप पूर्णपणे गेलेली नाही.

डासांविषयी पहिली ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, सर्व डास सारखे नसतात. प्रत्येक जातीचे पाणी वेगळे आणि चावण्याची वेळही वेगळी. हिवताप पसरविणारा ॲनॉफिलिस डास संध्याकाळनंतर व रात्री चावतो. शहरी भागातील त्याची प्रमुख जात विहिरी, इमारतींवरील टाक्या आणि बांधकामावर साठविलेले पाणी अशा स्वच्छ पाण्यात अंडी घालते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास अंगावर पांढरे पट्टे असलेला असून तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत चावतो. फुलदाणी, जुना टायर, फुटका माठ, करवंटी, कुंडीखालची बशी एवढेसे पाणीही त्यास पुरते. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास गटारे व शौचालयाच्या टाक्या यांतील घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. क्युलेक्सच्याच काही जाती भातशेतीच्या पाण्यात वाढून जपानी मेंदूज्वर पसरवितात. जेथे या रोगाची लस मुलांना दिली जाते तेथे ती चुकवू नये.

यावरून एक गोष्ट उघड होते. केवळ रात्री मच्छरदाणी लावून डेंग्यू टळत नाही आणि केवळ गटार साफ करून हिवताप टळत नाही. 'आमच्या घरासमोर गटार नाही, तेव्हा आम्हांस भय नाही' असे समजणाऱ्या कुटुंबाच्या गच्चीवरील उघड्या टाकीतच त्याच्या आजाराचे मूळ असू शकते.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. पणजी शहरात १९८६ साली हिवतापाची साथ उद्भवली. तोपर्यंत शहराला या रोगाचा विशेष उपद्रव नव्हता. इमारतींची बांधकामे झपाट्याने वाढली होती. सिमेंटवर मारण्यासाठी साठविलेले पाणी, अर्धवट इमारतींच्या तळघरांतील डबकी आणि झाकण नसलेल्या टाक्या यांत डासांची पैदास होऊ लागली. पुढील वर्षांत किनारपट्टीवरील कांदोळीसारख्या भागांतही हा रोग पोहोचला. दूरच्या प्रांतांतून आलेले मजूर याच उघड्या इमारतींत मच्छरदाणीवाचून झोपत असत. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात रोगजंतू होते हे खरे. पण रोग पसरविणारा डास आपल्याच टाक्यांत वाढला होता, हेही तितकेच खरे. म्हणूनच बांधकामावरील मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची पद्धत गोव्यात सुरू करण्यात आली. हे आरोग्यपत्र मजुराला दूर ठेवण्याचे साधन नव्हे. त्याचा आजार लवकर ओळखून त्याच्यावर वेळीच उपचार व्हावेत हा त्याचा उद्देश आहे. मजुराच्या झोपण्याच्या जागी मच्छरदाणी लागेल हे पाहणे मालक व कंत्राटदार यांचे कर्तव्य मानले पाहिजे.

आज हिवतापाचे प्रमाण त्या काळाच्या मानाने फारच घटले आहे. परंतु रोग कमी झाला म्हणजे सावधगिरी सोडावी असे नाही. देशाचा इतिहास याची साक्ष देतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे ८ लाख लोक त्याने मरण पावत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा व १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. रोग संपलाच असे वाटून कामात शैथिल्य आले, डास कीटकनाशकांना दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. चिकुनगुन्याचेही असेच झाले. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली. नंतर सुमारे तीन दशके त्याचे नावही फारसे ऐकू आले नाही. आणि २००५-०६ मध्ये तो अनेक राज्यांत एकाएकी पसरला. आजार विसरला जातो, डास मात्र विसरत नाही.

आता धुराच्या प्रश्नाकडे वळू. वेटोळ्याच्या कांडीतील कीटकनाशकामुळे काही वेळ डास दूर राहतात यात शंका नाही. पण ती कांडी जळताना अतिसूक्ष्म कण हवेत सोडते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कांडी जळताना निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असल्याचे आढळले. बंद खोलीत, पाळण्यातील मुलाच्या उशाशी किंवा दम्याच्या रुग्णाच्या शेजारी रात्रभर कांडी जाळणे म्हणजे एक आजार टाळण्यासाठी दुसऱ्यास आमंत्रण देणे होय. पाला किंवा शेणी जाळून होणारा धूरही फुप्फुसांना अपायकारकच असतो. अंथरुणाजवळ जळत्या कांडीने आग लागण्याचा धोका निराळाच. कांडी लावावीच लागली तर ती अंगणात किंवा ओसरीवर, वारा खेळता असेल तेथे लावावी.

विजेवर चालणाऱ्या द्रवाच्या बाटलीचा धूर होत नाही, तरी तीतही कीटकनाशकच असते. ती वापरताना खिडकी किंचित उघडी ठेवावी व ती पलंगापासून दूर लावावी. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुकून द्रव पोटात गेल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता बाटलीसह मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. डास मारण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधावर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार नोंदणी क्रमांक असावा लागतो. असा क्रमांक नसलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या डासांच्या अगरबत्त्या घरात आणू नयेत. शेतावर फवारायचे औषध घरात फवारणे किंवा अंगाला रॉकेल चोळणे हे तर सर्वथा वर्ज्य समजावे. ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळविणारी म्हणून जी यंत्रे विकली जातात, त्यांचा काही उपयोग होत नाही असे परीक्षणात दिसून आले आहे.

मग निर्धोक उपाय कोणते?

पहिला आणि सर्वांत श्रेष्ठ उपाय मच्छरदाणीचा. तिच्यापासून धूर नाही, वास नाही, आणि एकदा घेतली की ती वर्षानुवर्षे उपयोगी पडते. जाळी फाटलेली नसावी, कडा गादीखाली खोचलेल्या असाव्यात आणि झोपणाऱ्याचे अंग जाळीस टेकू नये. कीटकनाशकयुक्त टिकाऊ मच्छरदाणी असल्यास तिच्यावर बसणारा डास मरतोही. ती साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी, सावलीत वाळवावी, आणि नदी-तळ्यात धुऊ नये, कारण तिच्यातील औषध माशांना घातक असते. दिवसा झोपणारी तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे यांना दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे येथे आठवावे.

दुसरा उपाय घराचा व कपड्यांचा. खिडक्यांना बारीक जाळी, अंगभर सैल सुती कपडे आणि पंख्याचा वारा यांनी डासांचा उपद्रव बराच कमी होतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना पावसाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालू देण्याबाबत शाळांनी सवलत द्यावी.

तिसरा उपाय अंगास लावण्याच्या मलमांचा. डीट, पिकारिडीन किंवा आयआर ३५३५ यांपैकी घटक असलेली मलमे, वेष्टनावरील सूचनांप्रमाणे वापरली असता, सुरक्षित व परिणामकारक ठरली आहेत. मलम प्रथम मोठ्या माणसाने आपल्या हातावर घेऊन मग मुलाच्या अंगास लावावे. मुलाचे तळहात, डोळे, तोंड आणि जखमा वगळाव्यात. कपड्यांखाली लावू नये. घरी परतल्यावर ते धुऊन टाकावे. दोन महिन्यांखालील अर्भकास कोणतेही मलम न लावता मच्छरदाणीच वापरावी. गवती चहासारख्या वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. केवळ त्यांच्यावर विसंबून राहू नये.

परंतु डास जन्मासच येऊ नये हा उपाय या सर्वांच्या आधी येतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उष्ण हवेत साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळला आणि घरातील सर्व भांडी, पिंपे व टाक्या रिकाम्या करून आतून घासल्या, तर डासांची पिढीच पुरी होत नाही. घासणे यासाठी आवश्यक की, एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटतात आणि पाण्यावाचून कित्येक महिने जिवंत राहतात. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांना घट्ट झाकण लावावे. पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढावा, शौचालयाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बांधावी, करवंट्या पालथ्या घालाव्यात आणि रबराच्या बागांतील वाट्या हंगाम नसताना उलट्या टांगाव्यात. ज्या विहिरींचे पाणी वापरात नाही तेथे डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत. गोव्यात अशा स्थानिक माशांचे व अळ्या मारणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंचे प्रयोग करण्यात आले असून ते उपयुक्त ठरले आहेत. विहिरीत रॉकेल किंवा जळके तेल मात्र कधीही ओतू नये.

गोव्यातील गावांत एक अडचण विशेष आढळते, ती बंद घरांची. मालक परदेशी किंवा मुंबईस असतात आणि घर चतुर्थीला किंवा फेस्ताला उघडते. दरम्यान शौचालयाच्या टाकीत, अंगणातील हौदात आणि गच्चीवर पाणी साचून राहते. अशा घरांची यादी पंचायतीने ठेवावी, मालकांची संमती घ्यावी आणि किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्याकडून आठवड्याची पाहणी करून घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस डासांच्या अळ्या काचेच्या बाटलीत प्रत्यक्ष दाखवाव्यात. ज्या मुलाने वळवळणारी अळी पाहिली, तो घरी जाऊन पिंपात डोकावल्याशिवाय राहत नाही.

एवढे करूनही ताप आलाच तर वेळ दवडू नये. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. हिवताप ठरल्यास औषधाचा क्रम पूर्ण करावा. एका प्रकारच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात व त्यासाठी १४ दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. ताप उतरला म्हणून त्या मध्येच सोडल्यास आजार उलटतो. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय सुस्ती दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे. ताप उतरतानाचे दिवसच अनेकदा अधिक धोक्याचे असतात, हे घरच्या मंडळींनी विसरू नये. रुग्णासही मच्छरदाणीत ठेवावे, कारण त्याला चावलेला डास पुढे शेजारच्या मुलाला रोग देतो.

डासांवरील उपाय एका घरापुरते करून भागत नाही, कारण डासाला कुंपण कळत नाही. सरकारी फवारणीचे पथक वर्षातून काही वेळा गावात येईल. पाण्याचे पिंप मात्र दररोज घरातच असते. त्या पिंपावर झाकण, अंथरुणावर मच्छरदाणी आणि तापाला त्याच दिवशी रक्ततपासणी, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने अंगी बाणविल्या, तर मुलांना रात्रभर धुरात झोपविण्याची पाळी येणार नाही. येत्या आठवड्यात प्रत्येक वाड्याने आपला कोरडा दिवस ठरवावा आणि तो पंचायतीच्या फलकावर लिहावा, एवढीच विनंती.